भावनिक चित्रं आणि मेंदूच्या लहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र पाहताना माणसाच्या मेंदूत काय घडतं हे ईईजीने (डोक्यावरून मेंदूचा विद्युतदाब टिपण्याच्या पद्धतीने) मोजणाऱ्यांकडे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. प्रयोग करू पाहणारे विद्यार्थी विचारतात, "टोपी कशी बसवायची? लाट का दिसत नाही?" टोपी घालून बसणारे विचारतात, "माझ्या मनातलं तुम्हाला कळणार का?" दोघांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून इथे एकत्र दिली आहेत. आकडे ३२ इलेक्ट्रोडच्या (म्हणजे डोक्याला टेकणाऱ्या, दाब टिपणाऱ्या चकत्यांच्या), जेल भरायच्या टोपीला धरून आहेत.

डोक्यावरून नेमकं काय मोजलं जातं?

मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या हजारो-लाखो चेतापेशी एकाच वेळी कामाला लागल्या की त्यांचा विद्युतदाब कवटी आणि कातडी ओलांडून बाहेरपर्यंत पोचतो. तो मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावा लागतो. माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली.

एका चित्राला मिळणारा प्रतिसाद थेट पाहायला गेलं तर काहीच दिसत नाही. मेंदूची नेहमीची चाललेली खळबळ २० मायक्रोव्होल्ट असेल, तर चित्रामुळे पडणारा फरक बऱ्याचदा ५ मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो. म्हणून एका प्रकारची बरीच चित्रं दाखवायची, प्रत्येक चित्र पडद्यावर आल्याचा क्षण शून्य धरायचा आणि सगळ्या तुकड्यांची सरासरी काढायची. चित्राशी संबंध नसलेली खळबळ कधी वर, कधी खाली असते, त्यामुळे ती सरासरीत विरते. किती विरते? चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी. २५ चित्रांनी ती पाचव्या हिश्शावर येते, १०० चित्रांनी दहाव्या. अशा सरासरीतून उरणाऱ्या लाटेला ईआरपी म्हणतात.

एलपीपी, एलपीपी म्हणतात ती कोणती लाट?

इंग्रजीतल्या 'लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल' या नावाचं ते लघुरूप. चित्र दिसल्यानंतर साधारण ३०० ते ४०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या माथ्यावर आणि किंचित मागे, म्हणजे सीझेड, सीपीझेड, पीझेड या इलेक्ट्रोडवर दाब धन बाजूला चढतो. भावनिक चित्र असेल तर तो साध्या चित्रापेक्षा जास्त चढतो, आणि चित्र समोर आहे तोवर, कित्येकदा ते गेल्यावरही काही काळ, चढलेलाच राहतो.

तिच्या आधी, १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, डोक्याच्या मागच्या आणि कानामागच्या भागात ऋण बाजूला एक फरक दिसतो. त्याला ईपीएन म्हणतात. पहिल्या अभ्यासाला एलपीपी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ती मोठी असते, बराच वेळ टिकते, आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं तरी भावनिक आणि साध्या चित्रांतला फरक बऱ्याच अंशी शाबूत राहतो.

मग लाट पाहून माणूस घाबरला की खूश झाला हे सांगता येतं?

नाही. चुंबन घेणारं जोडपं आणि कापलेला हात, दोन्ही चित्रांना एलपीपी वर जाते. लाकडी स्टूल किंवा मिटलेली छत्री पाहून तितकी जात नाही. चित्राने माणसाचं लक्ष किती घट्ट धरून ठेवलं, ते त्याच्या दृष्टीने किती मोलाचं ठरलं, याचा अंदाज लाटेच्या उंचीवरून येतो. भावना गोड की कडू हे त्या उंचीत लिहिलेलं नसतं. ते माणसाला विचारावंच लागतं. म्हणून चांगल्या प्रयोगात लहरींच्या शेजारी माणसाने स्वतः दिलेले गुण असतात, आणि शक्य असेल तर तळहाताचा घाम आणि हृदयाचे ठोकेही असतात.

एमआरआय का वापरत नाही?

प्रश्न वेगळा असेल तर जरूर वापरावा. भावनेच्या संदर्भात जिचं नाव सतत निघतं ती अमिग्डाला मेंदूत खोल आहे. तिथली हालचाल टोपीतून धड वाचता येत नाही, ती एफएमआरआयमध्ये (मेंदूचं काम चालू असताना घेतलेल्या एमआरआयमध्ये) दिसते. पण एफएमआरआय रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतो आणि तो बदल चित्रानंतर ५-६ सेकंदांनी शिगेला पोचतो. ईईजी ५०० हर्ट्झवर घेतला तर दर २ मिलिसेकंदांनी एक नोंद मिळते. 'कुठे' हे विचारायचं असेल तर एफएमआरआय, 'कधी' विचारायचं असेल तर ईईजी.

चित्रं कुठून आणायची?

इंटरनेटवरून हाताला लागतील ती उचलू नका. गुण देऊन तपासलेले संच आहेत. सर्वांत जुना आणि सर्वाधिक वापरला गेलेला संच म्हणजे आयएपीएस. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. त्यात हजाराहून अधिक रंगीत चित्रं आहेत. तो संशोधकांना अर्ज केल्यावर मिळतो आणि त्यातली चित्रं कुठेही छापू नयेत अशी अट असते. सहभागींनी ती आधी पाहिलेली नसावीत, हे त्यामागचं कारण आहे. पोलंडच्या नेन्स्की संस्थेचा नॅप्स (२०१४) १३५६ चित्रांचा आहे. ओएसिस (२०१७) ९०० चित्रांचा असून तो मुक्तपणे वापरता येतो. अर्ज-मंजुरीत वेळ घालवायचा नसेल तर विद्यार्थ्याने ओएसिसपासून सुरुवात करावी.

प्रत्येक चित्रासोबत निदान दोन सरासरी गुण दिलेले असतात. चित्र किती सुखद किंवा दुःखद हा पहिला, आणि ते माणसाला आतून किती हलवतं हा दुसरा.

निवड करताना सर्वांत जास्त चूक कुठे होते?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यंत्र कितीही चांगलं असलं तरी ही चूक भरून निघत नाही.

सुखद म्हणून सूर्यास्त, फुलं, डोंगर घेतले जातात. दुःखद म्हणून अपघात, रक्त, रोखलेलं पिस्तूल. निकाल येतो, 'दुःखद चित्रांना मेंदू जास्त प्रतिसाद देतो.' खरं तर इथे तुलना शांत चित्रांची आणि खळबळजनक चित्रांची झाली. सूर्यास्त सुखद आहे, पण तो कुणाला खडबडून जागं करत नाही. दोन्ही गटांचे दुसऱ्या मापावरचे सरासरी गुण जुळवल्याशिवाय ही तुलना करूच नये. जुळवायला गेलं की लक्षात येतं की जोरकस सुखद चित्रं फार थोडी आहेत आणि त्यांतली बरीच शृंगारिक आहेत. ती आपल्याकडच्या महाविद्यालयात दाखवायची की नाही हे नैतिकता समितीशी आधी बोलून ठरवा. वगळायची ठरली तर साहसी खेळ, विजयाचा जल्लोष, भेटीचे क्षण घ्या, आणि दुःखद गटातली सर्वांत उग्र चित्रंही काढून टाका म्हणजे पारडी सारखी राहतील.

दुसरी चूक साध्या चित्रांची. त्यात नुसत्या वस्तू असतात, खुर्ची, मग, दिव्याचा खांब. भावनिक चित्रांत मात्र माणसं असतात. चित्रात माणूस असणं हेच मेंदूला ओढून घेतं. तेव्हा साध्या गटातही माणसं हवीत. रांगेत उभे असलेले लोक, भाजी निवडणारी बाई, पेपर वाचणारे गृहस्थ.

तिसरी गोष्ट उजळपणा, रंगांतला फरक आणि चित्रातली गर्दी. रक्ताची चित्रं लाल, डोंगराची निळी, वस्तूंची पांढऱ्या पार्श्वभूमीवरची, असं झालं तर पहिल्या २०० मिलिसेकंदांतला फरक भावनेचा की रंगाचा हे कुणीच सांगू शकणार नाही. सगळी चित्रं एका मापाची करा, सरासरी उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट गटागटांत जुळवा. गर्दीचा कच्चा अंदाज हवा असेल तर एकाच दर्जावर साठवलेल्या जेपेग फाइलचं आकारमान पाहा. गजबजलेल्या चित्राची फाइल मोठी होते.

परदेशी चित्रं आणि त्यांचे गुण आपल्या लोकांना लागू पडतात का?

काही पडतात, काही अजिबात नाही. उघडी जखम सगळ्यांनाच नकोशी वाटते. पण अमेरिकेत 'सुखद' ठरलेलं गोमांसाच्या तुकड्याचं ताट शाकाहारी घरातल्या मुलीसमोर ठेवून पाहा. फणा काढलेल्या नागाचं चित्र तिकडच्या यादीत निव्वळ भीतीचं असतं. नागपंचमीला पाटावर नाग काढून पुजणाऱ्या माणसाला त्यात भीतीइतकाच आदरही दिसू शकतो. म्हणून टोपी बाहेर काढण्याआधी, ज्या वयोगटातले आणि भागातले सहभागी घेणार आहात तसल्याच दुसऱ्या ३०-४० जणांकडून कागदावर गुण घ्या. ज्यांनी गुण दिले त्यांना पुढे टोपी घालू नका, कारण त्यांची चित्रं पाहून झालेली आहेत.

मराठीत सूचना लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

गुण देण्यासाठी सहसा एसएएम ही ९ पायऱ्यांची बाहुल्यांची पट्टी वापरतात. पहिल्या ओळीतली बाहुली हसरी ते रडवेली होत जाते. ती न सांगताही कळते. दुसऱ्या ओळीतल्या बाहुलीच्या पोटात स्फोटासारखी आकृती असते, ती मात्र समजावून सांगावी लागते. घोटाळा तिथेच होतो. शब्दकोशातून 'तुम्ही किती उत्तेजित झालात?' असं भाषांतर केलं की मराठी माणूस एकतर लाजतो, नाहीतर 'चिडलात का' असा अर्थ घेतो, आणि आनंदाच्या चित्रांना कमी गुण देतो.

त्यापेक्षा टोकं साध्या भाषेत लिहा. एका टोकाला 'अगदी निवांत, शांत, पेंग यावी इतकं'. दुसऱ्या टोकाला 'एकदम खडबडून जागं, छातीत धडधड'. आणि एक वाक्य जोडा: 'ही धडधड आनंदाची असेल, भीतीची असेल, किळसही असेल, इथे फक्त ती किती जोराची, एवढंच सांगा.' त्यानंतर तीन सरावाची चित्रं दाखवा. त्यांतलं एक आनंदाचं आणि धडधडीचं असलंच पाहिजे. त्या चित्राला गुण देताना माणूस अडला तर त्याला दुसरी ओळ समजलेली नाही, पुन्हा सांगा.

किती चित्रं, किती वेळ?

सुखद, साधी आणि दुःखद प्रत्येकी ४०, एकूण १२०. प्रत्येक चित्र दीड सेकंद, मग करड्या पडद्यावर अधिक चिन्ह २ ते ३ सेकंद. सरासरी ४ सेकंद धरले तर ८ मिनिटं होतात. दर ४० चित्रांनंतर विसावा द्या.

मधला वेळ मुद्दाम कमीजास्त ठेवायचा. तो ठरावीक असला की मेंदू पुढच्या चित्राची वाट बघायला शिकतो आणि अल्फा लहरी (मेंदू निवांत असताना उठणाऱ्या) त्या तालावर येऊन सरासरीत शिरतात. एकाच प्रकारची चित्रं सलग तीनपेक्षा जास्त येऊ देऊ नका. सगळी दुःखद चित्रं एका दमात दाखवली तर चित्र येण्यापूर्वीच माणूस आक्रसून बसलेला असतो, त्याची बेसलाइनच (चित्र येण्याआधीची पातळीच) हलते, आणि तुम्ही वजा करता ती तीच बेसलाइन.

सहभागींना आदल्या दिवशी काय सांगायचं?

तेल! आपल्याकडे सर्वांत मोठी अडचण खोबरेल तेलाची असते. तेल आणि विजेचं जमत नाही, जेल कातडीपर्यंत पोचतच नाही. आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी शाम्पूने केस धुवा, नंतर तेल, कंडिशनर, जेल काहीही लावू नका, केस पूर्ण वाळवून या, असा निरोप आठवड्याआधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पाठवा. घट्ट वेणी, अंबाडा, गजरा नको. केस मोकळे किंवा मानेजवळ सैल बांधलेले बरे. टिकली कपाळावरच्या इलेक्ट्रोडच्या वाटेत येत असेल तर काढावी लागेल हे आधी सांगा, तिथे बसल्यावर अचानक मागू नका. झोप पूर्ण, पोटात काहीतरी, चहा-कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको. चष्मा असेल तर आणायचा.

केसांत जेल राहील, शेवटी धुवायची सोय आहे, हेही त्या निरोपात असू द्या. शाम्पू, स्वच्छ टॉवेल आणि कोमट पाणी ही प्रयोगशाळेची जबाबदारी आहे.

टोपी कशी बसवायची?

१. टेपने डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाची टोपी घ्या. दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या, सैल टोपीतले इलेक्ट्रोड अधांतरी राहतात.

२. नाकाच्या मुळाशी डोळ्यांच्या मधला खड्डा आणि डोक्याच्या मागे हाताला लागणारा हाडाचा उंचवटा, यांतलं अंतर माथ्यावरून मोजा. ते ३६ सेंटिमीटर आलं तर १८ सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करा. एका कानापुढून दुसऱ्या कानापुढपर्यंतचं अंतरही मोजा. दोन्हींचा मध्य जिथे मिळतो तिथे सीझेड. कपाळावरचा एफपीझेड नाकाच्या खड्ड्यापासून १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर बसायला हवा. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेल्या १०-२० पद्धतीची ही मोजणी.

३. कानामागची हाडं, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून एक सेंटिमीटर बाहेरची जागा आणि एका डोळ्याखालची जागा स्पिरिटने पुसा, घासायची पेस्ट हलक्या हाताने लावा, मग तिथले सुटे इलेक्ट्रोड चिकटवा.

४. आधी ग्राउंड (यंत्राचा आधार) आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो) या इलेक्ट्रोडमध्ये जेल भरा. हे दोन नीट बसले नाहीत तर बाकीच्या सगळ्यांचे आकडे खोटे येतात.

५. बोथट सुईच्या सिरिंजने इलेक्ट्रोडच्या भोकातून आधी केस बाजूला सारा, सुई कातडीला टेकवून हलकेच गोल फिरवा, आणि मागे घेत घेत जेल सोडा. सुई टोचायची नसते, खरचटलं तर संसर्गाची भीती असते.

सरावाच्या हाताला ३० ते ४५ मिनिटं लागतात.

इम्पिडन्स खाली उतरत नाही. आणखी जेल भरू का?

इम्पिडन्स म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधला विजेचा अडथळा. बहुतेक वेळा जेल पुरेसं असतं, केस आडवे आलेले असतात. सुईने पुन्हा केस सारा, एक मिनिट थांबा. जेल कातडीत मुरायला वेळ लागतो आणि आकडा आपोआप उतरतो. साध्या इलेक्ट्रोडसाठी ५ किलोओहमच्या खाली आणावं. नव्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरला किंवा ॲक्टिव्ह इलेक्ट्रोडना याहून जास्त चालतो, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते.

जेल भरतच राहिलात तर ते टोपीखाली पसरून शेजारच्या इलेक्ट्रोडला मिळतं. मग ते दोन इलेक्ट्रोड वेगळे राहत नाहीत, एकच होतात. पडद्यावर दोन रेषा हुबेहूब सारख्या चालताना दिसल्या तर हेच झालंय असं समजा. नंतर संगणकावर याला उपाय नाही. त्या जागा पुसून, वाळवून, पुन्हा भराव्या लागतात.

सगळ्या रेषा जाड, केसाळ दिसतात. यंत्र बिघडलं का?

आधी वेळेची पट्टी ताणून पाहा. एका सेकंदात बरोबर ५० दाते मोजता आले तर ती आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आहे. क्रमाने तपासा: ग्राउंड इलेक्ट्रोड निसटला आहे का, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर टोपीच्या वायरींवरून गेली आहे का, मोबाइलचा चार्जर जवळ आहे का, जुनी चोक असलेली ट्यूबलाइट चालू आहे का. लॅपटॉप बॅटरीवर चालवून फरक पडतो का ते बघा. खोलीच्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे की नुसतंच तिसरं भोक आहे हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. इतकं केल्यावर नॉच फिल्टरची (नेमकी ५० हर्ट्झची गुणगुण कापणाऱ्या फिल्टरची) गरज बहुधा उरत नाही.

रेषा संथपणे वरखाली डुलत असतील तर तो घाम. कोकणपट्टीच्या दमट हवेत एसी नसेल तर एप्रिल-मेमध्ये ही नोंद घेणं जवळजवळ अशक्य. घामाची डुलकी आणि एलपीपी, दोन्ही मंद असल्यामुळे फिल्टरने एक काढली तर दुसरीही जाते. माणूस येण्याच्या अर्धा तास आधी खोली २२-२४ अंशांवर आणून ठेवा. पंख्याचा झोत वायरींवर नको, त्या हलल्या की रेषाही हलतात.

चित्र कधी दिसलं हे संगणकाला कळतंच, मग फोटोडायोड (प्रकाश पडल्याचा क्षण टिपणारा सेन्सर) कशाला?

संगणकाला फक्त आज्ञा कधी दिली ते कळतं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, वरून खाली रंगत जाते, आणि मॉनिटर स्वतःही थोडा उशीर करतो. हा उशीर दरवेळी सारखाच असेल तर तो मोजून वजा करता येतो. दरवेळी वेगळा असेल तर सरासरी पसरट होते, आणि ईपीएनसारख्या लवकरच्या लाटा आधी पुसल्या जातात.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक चित्राबरोबर त्याच फ्रेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन दाखवा, त्यावर फोटोडायोड लावा, शंभर वेळा चालवा, आणि ट्रिगर (चित्र दाखवताना संगणक नोंदीत पाठवतो ती खूण) ते प्रकाश हे अंतर मोजा. मॉनिटर, केबल किंवा सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा मोजा. टीव्ही पडदा म्हणून वापरत असाल तर त्याच्या चित्र 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयी बंद करा.

अंतराचंही तसंच. ७० सेंटिमीटरवरून २४ सेंटिमीटर रुंदीचं चित्र डोळ्याला साधारण १९-२० अंशांचं दिसतं. खुर्चीची जागा जमिनीवर टेपने आखून ठेवली की सगळ्यांना तेवढंच दिसतं.

पापण्या मिटू नका असं सांगू का?

सांगू नका. माणूस पापण्या रोखण्यातच गुंततो, डोळे चुरचुरतात, आणि तुम्हाला भावनेऐवजी त्या प्रयत्नाची नोंद मिळते. 'अधिक चिन्ह दिसेल तेव्हा निवांत मिटा, चित्र असताना जमेल तितकं कमी' एवढं पुरे. पापणीचा फटका कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर १०० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून मोठा येतो, म्हणजे एलपीपीच्या कितीतरी पट. तो नंतर आयसीएने (मिसळलेले संकेत सुटे करणाऱ्या गणिताने) वेगळा काढता येतो. दात आवळणं, कपाळाला आठ्या घालणं मात्र जास्त त्रासाचं आहे. स्नायूंचा करकराट सगळीकडे पसरतो. सुरुवातीला माणसाला पडद्यावर त्याच्याच रेषा दाखवा आणि दात आवळायला सांगा. एकदा डोळ्यांनी बघितलं की तो आपणहून जबडा सैल सोडतो.

नोंद झाली. आता हिशेब कसा करायचा?

ईईजीलॅब, ईआरपीलॅब किंवा एमएनई-पायथन, तिन्ही मोफत आहेत. क्रम साधारण असा. खराब चॅनेल ओळखून बाजूला काढा. ०.१ हर्ट्झचा हाय-पास (त्याहून मंद लहरी कापणारा) आणि ३० हर्ट्झचा लो-पास (त्याहून वेगवान लहरी कापणारा) फिल्टर लावा. आयसीएने डोळ्यांचे घटक काढा. रेफरन्स ठरवा. चित्राच्या २०० मिलिसेकंद आधीपासून १५०० मिलिसेकंदांपर्यंतचे तुकडे पाडा, आधीच्या २०० मिलिसेकंदांची बेसलाइन वजा करा, ±१०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेलेले तुकडे टाका. मग सरासरी काढा आणि पीझेड, सीपीझेड, सीझेड यांवर ४०० ते १००० मिलिसेकंदांतली सरासरी उंची घ्या. सर्वोच्च टोक मोजू नका. एलपीपी पसरट असते, तिला ठळक टोक नसतंच, आणि जितके कमी तुकडे तितकं टोक उगाच उंच येतं.

यातला एक आकडा फार महत्त्वाचा. ०.१ ऐवजी १ हर्ट्झचा हाय-पास लावला तर रेषा सुरेख, सपाट दिसतात आणि एलपीपीही त्यांच्याबरोबर कापली जाते. शिवाय बेसलाइनमध्ये खोटे खड्डे पडतात. आयसीएला मात्र १ हर्ट्झची नोंद जास्त मानवते. म्हणून नोंदीची एक प्रत १ हर्ट्झवर गाळा, आयसीए तिच्यावर चालवा, आणि मिळालेली वजनं (घटक सुटे करणारे आकडे) ०.१ हर्ट्झच्या मूळ नोंदीला लावा.

इलेक्ट्रोड आणि कालखंड हिशेबाआधी कागदावर लिहून ठेवा. लाटा पाहून जिथे फरक मोठा दिसतो तिथेच मापायला बसलं तर काहीही सिद्ध करता येतं.

रेफरन्स कोणता?

एलपीपीसाठी दोन्ही कानांमागच्या हाडांची सरासरी नेहमीची. ईपीएन बघायची असेल तर सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी घ्या, कारण ईपीएन कानांच्या आसपासच उमटते आणि तोच रेफरन्स घेतला तर ती स्वतःतूनच वजा होते.

एलपीपी दिसलीच नाही, किंवा उलटी दिसते.

उलटी दिसत असेल तर आधी आलेखाचा अक्ष बघा. या क्षेत्रात ऋण बाजू वर काढायची जुनी रीत आहे. दिसतच नसेल तर ट्रिगरचे क्रमांक आणि चित्रांचे गट जुळतात का ते पाहा. एका चुकीच्या ओळीने तिन्ही गट मिसळले तर फरक शून्यच येणार. मग प्रत्येक गटात किती तुकडे उरले ते मोजा. त्यानंतर फिल्टर. हे सगळं ठीक असेल तर माणसाने चित्रं पाहिली का, हा प्रश्न उरतो. उग्र चित्र आलं की काही जण नजर वळवतात किंवा चित्रातल्या कोपऱ्यातल्या झाडाकडे बघत बसतात. दुर्लक्ष केलं तर एलपीपी घटते. 'हे सगळं नाटकातलं आहे, रक्त रंगाचं आहे' अशी मनाची समजूत घातली तरीही ती घटते, हे २००६ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून 'चित्र जसं आहे तसं, पूर्ण वेळ पाहा' ही सूचना शब्दशः सगळ्यांना सारखी द्या.

किती जण घ्यावेत?

त्याच माणसांत दोन प्रकारच्या चित्रांची तुलना करायची आणि मध्यम आकाराचा फरक (प्रमाण विचलनाच्या ०.५ पट) ८० टक्के खात्रीने पकडायचा तर ३४ जण. दोन वेगळ्या गटांत तितकाच फरक शोधायचा तर प्रत्येक गटात ६४. त्यावर नोंद खराब होणाऱ्यांसाठी काही जास्त धरा. २० जणांच्या दोन गटांवर व्यक्तिमत्त्वाविषयी निष्कर्ष काढणारे प्रबंध अजूनही लिहिले जातात. त्यातून काहीच ठामपणे कळत नाही आणि मुलांची वर्षं खर्ची पडतात, याचं खरंच वाईट वाटतं.

दुःखद चित्रं दाखवणं योग्य आहे का?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागीची लेखी, समजून दिलेली संमती घेतल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. संमतिपत्र माणसाच्या भाषेत असावं आणि 'काही चित्रं त्रासदायक असू शकतात' असं मोघम लिहू नये. जखमा, प्रेतं, हिंसा दिसेल असं स्पष्ट लिहा आणि सर्वांत सौम्य पातळीचं एक नमुना-चित्र दाखवा. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, अपघात पाहिला असेल, तर त्या माणसाला आग्रह करू नका. कधीही थांबवायची मुभा म्हणजे हाताशी बटण हवं. टोपी आणि वायरींनी बांधलेला माणूस संकोचाने उठत नाही. नोंद संपल्यावर शेवटी दहा प्रसन्न चित्रं वेगळी दाखवा, आणि जाताना समुपदेशकाचं नाव किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

यावरून नैराश्याचं निदान होतं का?

नैराश्य असलेल्यांच्या गटात भावनिक चित्रांना मिळणारी एलपीपी सरासरीने कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. पण गटाच्या सरासरीवरून समोरच्या एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही. अशी चाचणी कुणी पैसे घेऊन विकत असेल तर घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

पोलीस हेच वापरतात का?

वेगळ्या नावाने, वेगळ्या दाव्याने वापरलं गेलं आहे. २००८ साली पुण्यातल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधारही घेतला होता आणि त्याची जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरवलं. मोजणाऱ्यांच्या बाजूने एवढं सांगता येतं: ओळखीची, धक्कादायक किंवा महत्त्वाची वाटणारी गोष्ट मेंदूला वेगळी भासते हे लाटेत दिसतं. ती गोष्ट त्याने केली की पेपरात वाचली, हे दिसत नाही.

बाजारात मिळणारा हेडबँड चालेल का?

शिकायला, पापणीचा फटका आणि डोळे मिटल्यावरची अल्फा दाखवायला छान. एलपीपीसाठी बहुधा नाही. बऱ्याच हेडबँडचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानांजवळ असतात, लाट माथ्यावर. शिवाय ट्रिगर ब्लूटूथवरून जात असेल तर वेळ डळमळते.

काम संपल्यावर टोपीचं काय करायचं?

लगेच धुवायची. जेल वाळलं की ते इलेक्ट्रोडच्या भोकात दगडासारखं बसतं. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याबाहेर ठेवा, टोपी कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूने धुवा, आणि भोकं मऊ टूथब्रशने साफ करा. पिन किंवा टाचणी कधीही घालू नका. इलेक्ट्रोडवरचा सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर खरवडला गेला की तो इलेक्ट्रोड डुलायला लागतो. नंतर टोपी बनवणाऱ्याने सांगितलेल्या जंतुनाशकात, सांगितली तितकीच मिनिटं. साध्या पाण्यात खळबळून, सावलीत, डोक्याच्या आकाराच्या एखाद्या वस्तूवर पसरून वाळवा. हेअर ड्रायर नको, उन्हात दोरीवर नको. दुसऱ्या दिवशी सकाळचा सहभागी असेल तर दमट हवेत रात्रभरात ती वाळत नाही, म्हणून त्या मापाच्या दोन टोप्या ठेवा.